चार दिवसांचं मस्टर

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मंजुळाला तर नाहीच — माझ्या बायकोला. गेल्या पोळ्याला ती गेली. आता घरात कुणापासून लपवू? म्हणून तुम्हाला सांगतो.

मी सातवी नापास. जळगावच्या बाहेर एका एमबीए कॉलेजात शिपाई होतो. काय दिवस होते ते — झाडलोट होते न होते तोच भामरे सर यायचे. मूळचे धुळ्याचे. दुपारी मंजुळा माझा डबा घेऊन यायची. सरांनी तिला कॉलेजच्या पायरीवर खडूनं सही शिकवली. महिनाभर गिरवत होती बाई. मग तिनं कुठंच अंगठा दिला नाही. सही करून झाली की कागद लांब धरून बघत बसायची.

संस्थेचे आबासाहेब त्या साली आमदारकीला उभे राहिले. पोरांना प्रोजेक्ट दिलं — धरणगावकडच्या गावांत घरोघर जायचं, कोण कुणाला मत देणार ते फॉर्मवर लिहून आणायचं. नाव काय, तर मार्केट सर्व्हे. मार्क सरांच्या हातात. सर म्हणाले, "हा प्रचार आहे, अभ्यास नाही. मी मार्क देणार नाही."

मग डायरेक्टरनं मला बोलावलं. मस्टर — मास्तर लोकांचं सहीचं पुस्तक — माझ्या ताब्यात असायचं. भामरे आले की ते कपाटात ठेवायचं, किल्ली घरी राहिली म्हणायचं. चार दिवस. बाकीचे मागून सह्या करून जातील. आणि नाना, तुमचं कायम व्हायचं पत्र टेबलावर आहे, असंही म्हणाले.

सर चारही दिवस आले. चारही दिवस शिकवलं. "असू द्या नाना, उद्या एकदम करतो," म्हणायचे. पाचव्या दिवशी त्यांच्या नावापुढं लाल शाईत गैरहजर. चौकशी बसली. आणि सरांनी साक्षीला नाव कुणाचं घ्यावं?

"नानांना विचारा. ते रोज बघतात मला."

मी म्हटलं, "मला सर दिसले नाहीत."

घाबरलो होतो का? नाही. कायम व्हायचं होतं. सरांना काढून टाकलं — भांडले असते तर बरं झालं असतं.

मंजुळाला सांगितलं, सरांना धुळ्यात मोठी नोकरी लागली. मी कायम झालो तेव्हा तिनं खापरावर मांडे केले, सरांसाठी डबा भरला, मला एसटीत बसवलं. मी अर्ध्या वाटेत, पारोळ्याला उतरलो. स्टँडच्या बाकावर बसून ते मांडे खाल्ले — बठ्ठे, एकूण एक. गोड लागले, हेही सांगतो. रिकामा डबा घासताना ती म्हणाली, "सरले आवडनं का?"

हो म्हटलं.

शेवटी दवाखान्यात नर्सनं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला. मंजुळानं तो सारला, पेन मागितलं. सावकाश सही पुरी केली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "सर कोठे शेतस आते?"

धुळ्यातच आहेत, चांगलं चाललंय, म्हटलं.

मला माहीत नव्हतं. मी कधी बघायलाच गेलो नाही.