बंदुकीची कमान

आमच्या शेजारच्या बागवाल्यांची बंदूक विलायती, परवान्याची. कलमांवर माकडं उतरली की ते हवेत एक बार काढायचे. एशियाडच्या साली तिच्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली आणि बार निघेना. विलायतेतल्या कंपनीने कळवलं, की बंदुकीचा सुटा भागही तिथल्या सरकारच्या परवान्याशिवाय पाठवता येत नाही, आणि त्यासाठी आधी दिल्लीची आयात-परवानगी हवी. यांनी दिल्लीला अर्ज केला.

बोटीवर नोकरीला असलेल्या पुतण्याने पुढच्या खेपेला मोज्यात लपवून कमान आणली. "काका, कोण विचारतंय इथे?"

त्यांनी ती उजेडात धरली, बोटाने दाबून बघितली आणि त्याच्या हातावर परत ठेवली. "बंदूक परवान्याची नि तिचं काळीज चोरीचं? ने रे परत."

मग दिल्लीच्या उत्तराची वाट बघत ते मुकी बंदूक खांद्यावर टाकून बागेत फिरायचे. माकड दिसलं की नेम धरून तोंडानेच मोठ्याने "ठो!" म्हणायचे. मला हसू यायचं, पण माकडं पळायची.

दुसऱ्या हंगामात एक हुप्प्या हललाच नाही. फांदीवर बसून यांच्याकडे बघत हापूस खात राहिला.

त्यांनी बंदूक खाली घेतली. म्हणाले, "याला दिल्लीचं उत्तर माझ्याआधी पोचलेलं दिसतंय."