दोष आढळला नाही

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचं. बावीस वर्षं यंत्रं उघडत आलेला माणूस. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता लॅपटॉप. हाताला गुण होता, जीभ मात्र तिखट. काउंटरच्या पलीकडे फक्त तो आणि त्याचं टेबल. "पेशंट ठेवा आणि घरी जा," एवढंच गिऱ्हाइकाला सांगायचा. टेबलावरच्या यंत्राला दुसऱ्या कुणाचा हात लागला की त्याच्या कपाळाला आठी पडे.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा लॅपटॉप पिशवीतून काढायच्या आधी त्यांनी दुकानाच्या पाटीकडे बघितलं. "दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो हो. तुम्ही दीर्घ रंगवलाय." चाळीस वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासणारी बाई, तिला राहवतंय कुठलं! पण आठ लोकांसमोर ऐकावं लागलं आणि डॉक्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तक्रार साधी होती. लॅपटॉप सुरू करताना कधीकधी पडदा काळाच राहतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, चित्र नाही. रोज नाही, अधूनमधून. डॉक्टरने पडद्यावर टॉर्च मारून अंधूक चित्र दिसतंय का बघितलं, बाहेरचा मॉनिटर जोडला, पडद्याची केबल काढून परत बसवली, चाळीस वेळा बंद-चालू केलं. चाळीसही वेळा पडदा लख्ख. चिठ्ठीवर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लॅपटॉप न्यायला बाईंचा मुलगा आला, तेव्हा डॉक्टरची जीभ वळवळली. "मशीन ठणठणीत आहे. आता आईंनाच जरा तपासून घ्या!" स्वतःच्या विनोदावर तो पोटभर हसला. मुलगा हसला नाही.

चौथ्यांदा बाई एकट्याच आल्या. आवाज इतका खाली गेलेला की त्याला काउंटरवर वाकावं लागलं.

"यातली पुस्तकं काढून द्या. प्रकाशकांना परत पाठवायची आहेत. मी काम सोडतेय."

"का? काय झालं?"

बाईंनी पर्समधून तीन चिठ्ठ्या काढल्या. टाचणी लावून नीट एकत्र केलेल्या. "मुलाने या खऱ्या डॉक्टरांना दाखवल्या. प्रकाशकांनाही कळवलं, आईचं हल्ली लक्षात राहत नाही, चुका होतील. मी बटण न दाबताच पडदा काळा म्हणते, असं त्याला वाटतं." त्या थांबल्या. "आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

डॉक्टरने चिठ्ठ्या हातात घेतल्या. अक्षर त्याचंच होतं, तिन्हीवर. आणि तो विनोद! आपण हसलो आणि एका बाईचं डोकं फिरलंय असा शिक्का मारून मोकळे झालो? त्याला स्वतःची शरम वाटली.

"आत या," तो म्हणाला. बावीस वर्षांत हे शब्द त्याने कुणाला म्हटले नव्हते. "घरी करता तसं तुम्हीच सुरू करा."

बाई स्टुलावर टेकल्या. डावं मनगट कीबोर्डच्या खालच्या मोकळ्या जागेवर टेकवलं, उजव्या बोटाने बटण दाबलं. दिवा लागला. पंखा फिरला. पडदा काळा ठिक्कर.

बाईंनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "बघा, माझंच काहीतरी..." आणि पडदा उजळला.

"हात ठेवा परत." काळा. "उचला." लख्ख.

त्याची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. जाळीचा स्टीलचा पट्टा. त्याने टेबलावरचा एक बारीक स्क्रू जवळ नेला, तो टुणकन उडून पट्ट्याला चिकटला.

"चुंबक!" तो ओरडलाच. "बाई, झाकणात चुंबक असतं. ते खालच्या सेन्सरजवळ आलं की लॅपटॉप समजतो, झाकण मिटलं, आणि पडदा बंद करतो. तुमच्या पट्ट्यातल्या चुंबकाने त्याला फसवलं! पण मग काम करताना कसं चालतं?"

"चित्र येईपर्यंत हात टेकवूनच वाट बघते. पट्टा टोचतो म्हणून कामाला बसले की काढून ठेवते." बाई पट्ट्याकडे बघतच राहिल्या. "आणि ज्या दिवशी घड्याळ चार्जिंगला असतं, त्या दिवशी पडदा लागलीच येतो. मुलानेच दिलंय हो, वाढदिवसाला. म्हणजे मी... मी बटण दाबत होते?"

"दर वेळी दाबत होतात."

बाईंना रडू कोसळलं. डॉक्टरला कुठे बघावं कळेना. पहिल्याच दिवशी यांना आत बसवलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं.

डोळे पुसून बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. तिन्ही चिठ्ठ्यांवरचा 'नाही' खोडला आणि समासात खूण केली. दोष आढळला. दोष आढळला. दोष आढळला.

"आता कुणात, तेही लिहा."

त्याने खाली मान घालून तिन्हीवर लिहिलं, 'दुरूस्ती करणाऱ्यात', आणि सही केली. बाईंनी चिठ्ठ्या ओढून घेतल्या, वाचल्या, आणि तीन ठिकाणी रू ऱ्हस्व केला.

"हं," त्या म्हणाल्या. "लावा आता माझ्या मुलाला फोन."