दव सुकेपर्यंत तालीम

मारेगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मला एकाच गोष्टीचं वेड होतं. शाळेत वर्षाला एक नाही, तीन नाटकं करायची! पहिलं पंधरा ऑगस्टला, दुसरं दिवाळीच्या सुट्टीआधी आणि तिसरं जानेवारीतल्या गॅदरिंगला. तेच तिसरं पुढे वणीच्या आंतरशालेय स्पर्धेला न्यायचं. मी यवतमाळ शहरात वाढलेली, घरातले सगळे कचेरीतले. नाटक म्हणजे सभागृह, पडदा आणि तिसरी घंटा, एवढंच मला ठाऊक. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाल-निळ्या पेनांनी मी सहा महिन्यांचा तक्ता आखला. कोणत्या आठवड्यात वाचन, कधी उभ्या तालमी, कधी कपडे. तो नववीच्या भिंतीवर चिकटवला आणि आपल्याच कामावर खूश होऊन मागे सरकून पाहत राहिले.

पंधरा ऑगस्टचं छोटं नाटक झकास झालं. त्यात नववीतल्या एका उंच मुलीला मी झाडाचं काम दिलं होतं. एक शब्दही बोलायचा नव्हता, तरी लोक तिच्याचकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी ती त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, याच्यात वेचणी कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही.

"दसऱ्यापासून कापूस फुटते ना. मंग आमी अर्ध्या पोरी शाळेत नसतो. तुमचं दुसरं नाटक तं बराबर तिथंच येऊन राह्यलं."

माझा चेहरा पडलेला तिला दिसला असावा. तिनंच उपाय सांगितला. "सकाळी घ्या ना तालीम. ओला कापूस कोणी वेचत नाई. दव सुकेस्तोवर आमी मोकळ्याच असतो."

दुसरं नाटक मी खोडून टाकलं आणि सगळा जोर तिसऱ्यावर लावला. तालमीची वेळ ठरली सकाळी साडेसहा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचाच जिल्हा. शहरांतून गाड्या यायच्या, माणसं उतरून फोटो काढायची आणि निघून जायची. त्यामुळे स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा त्यात 'शेतकरी' हा विषय पाहून कोणालाच नवल वाटलं नाही. मी चार संध्याकाळी बसून एक नाटक लिहिलं. शेवटी आई पिकाकडे पाहत टाहो फोडते, असं. नववीच्या वर्गात ते वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या पानावर माझाच आवाज कापला. वर्ग एकदम शांत. मला वाटलं, जिंकलं!

मग झाड झालेली ती मुलगी उठली. "मॅडम, रागावसान नाई ना? हे नको."

"का गं?"

"मांगच्या साली बी असंच होतं. सगळे रडले. माही आई तं अर्ध्यातूनच उठून गेली. घरी तेच, पेपरात तेच, आन् मंग नाटकात कायले? आमाले हसाचं पाह्यजे."

मला लागलं, खोटं कशाला बोलू. चार संध्याकाळी लिहिलेलं होतं. पण तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बैलाचं करा!" आणि अख्खा वर्ग उसळला. आदल्या वर्षी म्हणे एक बैल आठवीच्या वर्गात शिरला होता आणि दुपारभर निघायलाच तयार नव्हता. सरपंचीणबाई आल्या, गुरांचे डॉक्टर आले, हेडमास्तरांनी छडी आपटून पाहिली. बैल ढिम्म! शेवटी पाच वाजता शाळा सुटल्याची घंटा झाली, तसा तो पोरांच्या मागोमाग रांगेतून बाहेर पडला. सांगताना चाळीस पोरं एकदम बोलत होती, एकजण डॉक्टर करून दाखवत होता, दुसरा बैल. मी खडू टाकला आणि वही घेऊन लिहायलाच बसले. हात पुरेना.

घरी येऊन मी ते संवाद शुद्ध करून काढले. 'काहून' खोडून 'का', 'मले' खोडून 'मला'. सकाळच्या तालमीत पोरं ते असे म्हणाली की जणू पाढेच म्हणतायत. दोन दिवस मी हट्ट धरला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "बरं, घरी बोलता तसंच बोला," आणि त्या थंडीत वर्गात जान आली.

हेडमास्तरांना मात्र हे पसंत नव्हतं. "मॅडम, विषय शेतकरी आहे, आणि तुम्ही बैल घेऊन निघालात?"

"सर, बैल शेतकऱ्याचाच आहे."

ते हसले नाहीत. "एकदा तालीम पाहतो. मग ठरवू."

आमचा बैल तेव्हा वाईट अवस्थेत होता. बारदान शिवून त्याचं अंग केलं होतं आणि लगद्याचं डोकं त्यावर बसवलं होतं. आत दोन मुलं. पण पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात क्रिकेटमधल्या एका आउटवरून भांडण होतं. त्यामुळे पुढचा बैल दाराकडे निघाला की मागचा फळ्याकडे. हेडमास्तर आले त्या सकाळी दोघं बारदानाच्या आत कुजबुजत भांडत होते आणि बैलाच्या पोटातून "तू सरक", "तूच सरक" ऐकू येत होतं. सर मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले. चेहऱ्यावरची रेघ हलेना. मी मनातल्या मनात नाटक गुंडाळायला लागले.

बैल खाली बसण्याचा प्रसंग आला, आणि सर एकदम उठले.

"अबे, थांबा! बैल असा बसते का? मांगून? आधी पुढचे पाय मुडपते तो!" इतक्या महिन्यांत सरांच्या तोंडून ही बोली मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी मफलर काढून माझ्याकडे दिला, प्यांट वर सरकवली आणि फरशीवर गुडघे टेकून, मग मागची बाजू सावकाश खाली आणत बैल बसून दाखवला. मग उठूनही दाखवला, मागचे पाय आधी. पोरं तोंडावर हात दाबून पाहत होती. शेवटी मागचे पाय झालेला मुलगा बारदानातून डोकं काढून म्हणाला, "सर, तुमीच करा ना बैल!" सरही हसले आणि वर्ग नुसता फुटला. त्या दिवसापासून ते रोज साडेसहाला हजर. पुढच्या आणि मागच्या पायांनाही एकत्र बसण्या-उठण्यासाठी एकमेकांशी नीट बोलावंच लागलं.

नोव्हेंबरात वेचणी जोरात आली आणि सरपंचीण झालेली ती उंच मुलगी लागोपाठ चार दिवस तालमीला आली नाही. पाचव्या दिवशी मी सायकल काढून त्यांच्या शेतात गेले. दुरूनच तिचा आवाज आला. कमरेला ओटी बांधून ती कापूस वेचत होती आणि सरपंचिणीचं भाषण ठोकत होती. ती अडखळली की शेजारच्या ओळीतून एक बाई पुढचं वाक्य सांगायची, पलीकडची डॉक्टरचं उत्तर द्यायची. सगळ्या वेचणाऱ्या बायांना अख्खं नाटक पाठ!

मला पाहून तिची आई पुढे आली. नाटकातून उठून गेलेली ती हीच. "मॅडम, वेचणीच्या घाईत सकाळचं घरकाम हिच्यावरच पडते म्हून ठेवली होती. उद्यापासून धाडतो. पन एक सांगू? सरपंचीन असं बोलत नाई. बैलाले 'आपण बाहेर या' काहून म्हनन ते? ते आधी डॉक्टरवर ओरडन."

मी तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तो संवाद बदलला. बायांनी तो दोनदा म्हणवून घेतला, मग कुठे पास केला.

जानेवारीत गॅदरिंगला ती आई पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती. नाटक संपलं तरी उठेना. डोळ्याला पदर होता, पण तो हसून हसून.

वणीला मात्र आमची पाचावर धारण बसली. एवढं मोठं सभागृह पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याआधी लागोपाठ तीन नाटकं झाली, तिन्हींत टाहो होता. सभागृह जड झालेलं. अशात आमचा बैल आला. कोणी हललं नाही. पहिली पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं असतील. आणि तेवढ्यात बैलाचं शिंग पडद्याच्या दोरीत अडकलं. पुढचे पाय ओढतायत, मागचे ढकलतायत, पडदा थरथरतोय. मी विंगेत डोळे मिटून घेतले.

"पाहा बापा!" सरपंचिणीचा खणखणीत आवाज आला. वहीत नसलेलं वाक्य. "आता याले पडदा बी पाह्यजे! डॉक्टर, तुमी पाहत काय राह्यले? धरा शेपूट!"

सभागृह खो-खो हसत सुटलं. त्यानंतर प्रत्येक वाक्याला हशा, आणि शेवटच्या घंटेला लोक चक्क उभे राहिले.

नाटकाला नंबर मिळाला नाही. 'विषयाला धरून नाही' असा शेरा होता. अभिनयाचं बक्षीस तेवढं आमच्या सरपंचिणीला मिळालं. एस.टी. स्टँडवर पोरं जरा हिरमुसली होती. हेडमास्तर बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. गाडी लागली, आम्ही चढलो, तर कंडक्टरनं ते डोकं पाहिलं आणि विचारलं, "याचं तिकीट फुल का हाफ?"

"पुढून फुल, मांगून हाफ," मागचे पाय म्हणाले.

अर्धी गाडी हसली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे आहे तरी काय, आणि पुढच्या पायांनी सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता दोघं बारदानात शिरलेसुद्धा. सरपंचीण सीटवर चढून उभी राहिली. गाडी वणीच्या बाहेर पडली होती, खिडक्यांतून उन्हं आत येत होती, आणि दोन सीटांमधल्या चिंचोळ्या वाटेत आमचा बैल अडून बसला होता, आधी पुढचे पाय मुडपून. कंडक्टर तिकिटं विसरून दांडीला रेलला होता. ड्रायव्हर सारखा आरशात पाहत होता. शेवटी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून ओरडला, "अबे, मले काई दिसून नाई राह्यलं! पुन्ना पयल्यापासून करा!"