शोकपत्रिकेचा नमुना

परवा उधन्यातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर नवं वर्ड बसलं आणि माझ्या यजमानांनी केलेले पत्रिकांचे नमुने विस्कटले. त्यांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

दुरुस्तीला आलेल्या गुजराती माणसाने शोकपत्रिका उघडली, अक्षरं बसतात का ते पाहायला मृताच्या जागी दुकानाच्या पाटीवरचं नाव टाकलं आणि छापलं. ते माझ्या लेकाचं नाव. "जुओ बेन, फर्स्ट क्लास!"

कागद गरम होता. तोच शाईचा वास. ह्यांनी हा नमुना केला त्या दुपारी भिंतीपलीकडे माग खडखडत होते. मी ह्यांना चिडवलं होतं, "कुणाचं तरी नाव घालून बघा की. माझंच घाला!"

हे इतके संतापले की चहा तसाच निवला. "नमुन्यातसुद्धा जित्या माणसाचं नाव घालत नाहीत. नावाच्या जागी टिंबं देतो मी."

मी शिकलेली, तेव्हा हसले होते. परवा हसू आलं नाही. मी कागद टराटरा फाडला.

"अरे बेन, टेस्टिंग होतं!"

"तुमच्या मुलाचं नाव टाकून करा टेस्टिंग," मी ओरडले आणि त्याला बाहेर काढलं.

आता मी एकेक नमुना स्वतःच नीट करते आहे. राग अजून गेलेला नाही.