सरकलेली बोंबी

ऐंशी सालाच्या आसपास माझी बोंबी वर्षातून दोन-चारदा तरी सरके. बेंबीला आमच्या हिंगणीकडे बोंबी म्हणतात, आणि ती जागची हलली की पोट दुखतं, हे आमचं शास्त्र. जेवून उठलो की पोटात पीळ पडे, ओकाऱ्या येत. मग शेजारची काकी मला उताणं पाडून बोंबीवर कणकेचा दिवा लावी आणि वरून तांब्या उपडा घाली. दिवा विझे, तांब्या पोटाला घट्ट चिकटे. थोड्या वेळात दुखणं गायब.

"बसली!" काकी म्हणे.

मी विज्ञानाचा मास्तर. तांब्याखाली हवेचा दाब कसा काम करतो, ते पडल्यापडल्या बायकोला समजावून सांगत असे.

एका उन्हाळ्यात लग्नाची पंगत झोडून आलो आणि सरकलेली बोंबी बसेचना. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ओकारी हिरवी झाली.

"आता सेवाग्रामच्या दवाखान्यात चाला," बायको म्हणाली.

"थांब वं, अजून एक डाव तांब्या लावू."

"तांब्या लावून राह्यले का मराले बसले, एकदाचं सांगा मले!"

मी तांब्याच लावला. दुसऱ्या दिवशी मला ट्रकमध्ये आडवं घालून दवाखान्यात नेलं.

"वारा सरतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी. बोंबी सरकली आहे."

ते हसले नाहीत. तेव्हा मी घाबरलो.

पोट उघडल्यावर कळलं, की आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. आतडं त्यातून सरके, अडके, आणि आपोआप मागे येई. काकीचं नाव होई. या वेळी ते आलं नाही, काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, "आतला हर्निया." हर्निया म्हणजे बाहेर लोंबणारा, एवढंच मला ठाऊक. मी चादर उचलून पाहिलं.

काळं आतडं कापून टाकलं. उरलं ते फार थोडं.

वाचलो, असं लोक म्हणतात. खाल्लेलं अंगी लागत नाही. तासाभरात संडास गाठावा लागतो. शाळेतली नोकरी सुटली. बायको भात मऊ करून कालवते.

"अजून दोन घास घ्या नं."

घेतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते आणि मी दाराबाहेर, संडासाच्या वाटेकडे.