आधी लिंबू, मग मी

कुठल्याही नव्या इमारतीसमोर रिक्षा थांबली, की ताई लगेच उतरायच्या नाहीत. आधी पर्स उघडायच्या, डब्याबरोबर आणलेलं लिंबू काढायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. "जा, वर जाऊन सोड. ढकलू नकोस हं, नुसतं सोड."

मी रॅम्पच्या वरच्या टोकाला जाऊन लिंबू सोडायचे. ते रेंगाळत, अडखळत खाली आलं तर ताई कुबड्या सरसावायच्या. सुसाट सुटलं तर रिक्षावाल्याला म्हणायच्या, "चला दादा, परत."

"आधी लिंबू, मग मी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा विचारलं, गोटी का नाही? तर म्हणाल्या, "गोटी काय गं, सपाट फरशीवरही पळते. लिंबाला टोक असतं. उतार बरा असला की ते थांबतं."

ताई आमच्या नाशिकच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी तोंडाची फटकळ आणि त्या अशा भित्र्या, की शिपायाने फरशी पुसली तर ती खडखडीत वाळेपर्यंत खुर्चीतून उठायच्या नाहीत. तरी आमचं छान जमायचं.

राहायच्या देवळाली कॅम्पात, म्हाताऱ्या आईबरोबर. आईला जवळजवळ दिसत नव्हतं. सिटी बसमध्ये 'अपंगांसाठी राखीव' असं झकास रंगवलेलं असायचं, तुम्हीही वाचलं असेल. ताई म्हणायच्या, "जागा राखून ठेवलीय गं, पण पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. तिथवर यायचं कसं, ते तुमचं तुम्ही बघा." शेवटी त्यांनी कॅम्पातलाच एक रिक्षावाला कायमचा धरला.

"आम्ही उचलतो ना ताई!" असं म्हणणारे भले लोक पुष्कळ. ताईंना त्यांचीच जास्त भीती. एका लग्नात कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. चौघांनी यांना खुर्चीसकट उचललं, अर्ध्या जिन्यात एकाचा हात सुटला आणि खुर्ची कलंडली. लागलं फारसं नाही. पण वऱ्हाडी बघत होते, साडी पार गुडघ्यांपर्यंत गेली होती आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरल्यामुळे ती नीटही करता येईना. त्यानंतर त्यांनी स्वतःला कुणाला उचलू दिलं नाही. लिंबू तेव्हापासूनचं.

मग आमच्या कचेरीची नवी इमारत झाली. अपंगांसाठी कायदा आलाय असं पेपरात वाचून साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले, "ताई, खास तुमच्यासाठी रॅम्प करायला सांगितलाय!" आम्ही दोघी बघायला गेलो. काय सांगू तुम्हाला! घसरगुंडी बरी. गुलाबी चकचकीत टाइल्स, कठड्याचा पत्ता नाही. मी लिंबू सोडलं. ते टप्पे खात थेट फाटकाबाहेर गेलं. ताईंनी कुबड्या रिक्षाकडे वळवल्या.

साहेब माणूस चांगला हो, वाईट नव्हे. म्हणाले, "अडचण वाटत असेल तर सटाण्याची कचेरी तळमजल्यावर आहे. तुमची सोयीची बदली करून टाकू."

सोयीची! न दिसणाऱ्या आईला कॅम्पात एकटं ठेवून ही बाई सटाण्याला राहणार? आणि आईला घेऊन जावं, तर अनोळखी घरात त्या म्हातारीने भिंती कुठल्या धरायच्या? मी साहेबांशी भांडायला निघाले होते. ताईंनीच माझा पदर धरून बसवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताईंचा डबा तसाच घरी परत जायचा. ज्यांच्या कागदात कधी खाडाखोड नसायची, त्या एकेक पान तीनतीनदा काढू लागल्या. मध्येच हात थांबायचे. "पडले तर गं? आणि वर चढलेच नाही तर साहेब पाठवणारच ना सटाण्याला?" मी म्हणायचे, "हट्, असं कसं पाठवतील!" पण रात्री मलाही नीट झोप लागायची नाही.

उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "एकदा परत बघू या. धुळीने फरशी जरा धरत असेल." गेलो. पर्समध्ये कुंकवाची डबी उघडून सांडलेली, त्यामुळे लिंबू लालभडक झालेलं. मी ते तसंच सोडलं. ते सुसाट खाली आलं, तळाच्या विटेवर आपटलं आणि तिथेच राहिलं. ताई म्हणाल्या, "चल, घरी जाऊ." लिंबू उचलायचं भानच दोघींना राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई धावत आला. "नव्या बिल्डिंगवर काम बंद पडलंय! रॅम्पपाशी कुणीतरी कुंकू लावलेलं लिंबू ठेवलं. मजूर हात लावायला तयार नाय. ठेकेदार म्हणतो, लय वाईट करणी हाय."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. शिपाई गेल्यावर माझ्या कानाशी लागल्या. "अगं, आपलंच की ते! सांगून टाकू या."

"गप्प बसा," मी म्हटलं. "एक अक्षर बोलाल तर बघा."

ठेकेदाराने वास्तुवाल्याला बोलावलं. तेव्हा या वास्तुवाल्यांचं पेव फुटलं होतं, आठवतंय ना? त्याने सांगितलं, उताराचं तोंड दक्षिणेला आहे, तो फोडा आणि पूर्वेला घ्या. पूर्वेला इमारतीची लांबलचक भिंत. तिच्या कडेने नेता नेता रॅम्प आपोआप लांब झाला आणि चढ कमी झाला. जुन्या टाइल्स काढताना फुटल्या, म्हणून खरबरीत शहाबादी बसवली. पिवळं शुभ, म्हणून वास्तुवाल्याने पिवळा कठडासुद्धा लावायला लावला! मी पोट धरधरून हसले. ताईंना मात्र उद्घाटन होईपर्यंत धाकधूक, की लिंबू कुणाचं ते कळलं तर नोकरीच जायची.

नव्या कचेरीच्या पहिल्या दिवशी मी वरून लिंबू सोडलं. ते आरामात निघालं, डुगडुगलं आणि मध्यावर थांबलं.

"थांबलं हो ताई!" मी ओरडले. तरी त्या हलेनात. मी म्हटलं, "येऊ का खाली? मागे उभी राहते."

"नको. मागे कुणी असलं की वाटतं, मी पडणारच आहे. तू तिथेच थांब."

एक कुबडी बगलेत, एक हात पिवळ्या कठड्यावर. ओठ घट्ट मिटलेले. वर पोचल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. दुपारी ते लिंबू धुऊन आम्ही मटकीच्या उसळीवर पिळलं.

त्या रॅम्पवरून ताई कितीतरी वर्षं आल्यागेल्या. पडल्या त्या घरात, मोरीच्या उंबऱ्यावर. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मला म्हणाल्या, "अख्ख्या नाशकात लिंबं सोडली गं. घरच्या मोरीचं लक्षातच आलं नाही." आणि हसल्या. त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत. आईच्या आधी गेल्या. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आता माझेही गुडघे गेलेत, हातात काठी आली. परवा आमच्या बँकेच्या नव्या जागेत गेले. समोर रॅम्प, चकचकीत, कठडा नाही. भाजीच्या पिशवीत लिंबं होती. एक काढलं आणि वॉचमनला म्हटलं, "दादा, हे जरा वर जाऊन सोडता का?"

तो दोन पावलं मागे सरला. "आजी, असलं काय आपल्या हातात देऊ नका."

आत जाणाऱ्या एकदोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते बाजूने निघून गेले. मी लिंबू हातात धरून खालीच उभी राहिले. वर जाऊन सोडायला कुणी नव्हतं.