मामाजी, मी आणि कम्प्युटरचे सुटे भाग: मोहर्ली ते चामोर्शी

पावसाळ्यात ताडोबाचा कोअर भाग बंद असतो आणि आम्हा गाइड लोकांना सुट्टीच सुट्टी. या सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी सासऱ्यांना घेऊन कम्प्युटर गोळा करायला गेले.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी एक नाटक लिहिलं होतं. ते गावोगावी चाललं. सुट्टीच्या सुरुवातीला पेटी उघडली तर वहीतला शेवटचा अंक वाळवीने फस्त केलेला. मामाजी दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त खाऊन म्हणाले, उरलेलं कम्प्युटरमध्ये टाकायचं. तयार कम्प्युटर परवडेना, तेव्हा सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरलं. पंधरा हजारांच्या आत. मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून यादी केली आणि शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही निघालो.

पहिला मुक्काम भद्रावती. तिथल्या कॉलनीत मामाजींच्या जुन्या मित्राकडे रिकामं कॅबिनेट होतं, म्हणजे कम्प्युटरची बाहेरची पेटी. पण काकूंनी त्यात कांदे भरून ठेवले होते. जाळीतून हवा लागते, कांदा सडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेटी द्यायला त्या काही तयार होईनात. शेवटी मी बाजारातून प्लास्टिकची मोठी टोपली आणून दिली, तेव्हा कुठे सौदा झाला. तुम्हीही असं जुनं कॅबिनेट खुशाल घ्या. त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं. फक्त सालं झटकून घ्या.

तिथून एसटीने चंद्रपूर. बायकांना अर्धं तिकीट आणि मामाजी पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना फुकट. म्हणजे आम्ही दोघं मिळून अर्धा प्रवासी. कंडक्टरने मग कॅबिनेटकडे मोर्चा वळवला आणि सामानाचं तिकीट मागितलं. मामाजींनी त्याला हा नुसता सांगाडा आहे, जीव अजून चंद्रपूरला आहे, असं समजावलं. एवढ्यात शेजारच्या बाईंनी न विचारताच आपली वांगी आणि कोथिंबीर त्यात ठेवून दार लावून घेतलं. कंडक्टर ही भाजीची पेटी समजून पुढे गेला. चंद्रपूरला उतरताना बाईंनी आम्हाला चार वांगी दिली.

चंद्रपूरच्या बाजारात दुकानदाराने पहिला प्रश्न मामाजींना केला: गेम कोणते खेळता? मामाजींनी कॅरम सांगितलं. नुसतं टायपिंग करायचंय, हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण माणूस भला. ऑफिसातून काढलेला जुना मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, आणि प्रोसेसर मिळून चार हजारांत दिला. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असल्याने वेगळं ग्राफिक्स कार्ड लागलं नाही. आठ जीबी रॅमची जुनी पट्टी घेतली. एसएसडी, म्हणजे लिहिलेलं साठवणारी डिस्क, मात्र नवी घेतली आणि पॉवर सप्लायही नवाच. यात कंजुषी करू नका, तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो.

सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात दुकानदाराने सात रंगांत चमकणारा पंखा लावून दाखवला. मामाजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. मी सांगितलं की याने टायपिंग एका अक्षरानेही वाढणार नाही.

"पोरी, लायटिंगबिना नाटक होते का कुठी?" ते म्हणाले.

साडेतीनशे रुपये गेले.

रात्री चंद्रपूरलाच माझ्या बहिणीकडे वांग्याची भाजी खाल्ली आणि सकाळी मूलमार्गे चामोर्शीला निघालो. तिथे कम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एक मॅडम क्लास बंद करत होत्या आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस मिळून दोन हजारांत देत होत्या. जुना मॉनिटर घेताना चालू करून बघा, पांढरा आणि काळा असे दोन्ही रंग पूर्ण पडद्यावर आणून डाग तपासा. आमच्या मॉनिटरवर एका कोपऱ्यात ठिपका निघाला. मामाजींनी तो नजर लागू नये म्हणून राहू दिला.

एवढ्या लांब आलो तर मार्कंडाचं देऊळ जवळच. वैनगंगा भरून वाहत होती. मॉनिटर मॅडमनी दिलेल्या लाल चादरीत गुंडाळलेला, आणि मामाजी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून देवळाकडे निघाले. लोक बाजूला होऊ लागले. एका आजीबाईंनी वाकून नमस्कार केला आणि कोणता देव आहे, विचारलं. मी खरं सांगणार होते, पण मामाजी आधीच गंभीरपणे म्हणाले, "अजून घरी चालू करून नाई पाह्यला, बाई."

आजीबाईंनी तरीही चादरीवर फूल ठेवलं.

संध्याकाळी एसटीने चंद्रपूरला आलो, तिथे नवरा शेजाऱ्यांची जीप घेऊन आला आणि आम्ही मोहर्लीला परतलो. दुसऱ्या दिवशी खाटेवर सगळं मांडून जोडलं. बटण दाबलं. पंखा सात रंगांत फिरला, मामाजींनी टाळ्या वाजवल्या, पडदा मात्र काळाच. दोन तास मी तारा काढल्या, लावल्या. मामाजींची आयुष्यभराची हौस मी अर्धवट ज्ञानावर अंगावर घेतली होती. शेवटी सासूबाई पिठाचे हात पुसत आल्या. रॅमची पट्टी खाचेत नीट बसली नसावी, असं मी म्हणत होते.

"तू भीत भीत दाबून राह्यली," म्हणत त्यांनी अंगठ्याने जोर दिला. कट्ट आवाज झाला. मी बटण पुन्हा दाबलं. पडदा उजळला.

पुढचं सोपं होतं. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, तेही फुकट. लिहायचं सॉफ्टवेअर त्याच्यातच आलं आणि मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये सापडला. फुकट म्हणजे यात काहीतरी गडबड असणार, असं मामाजींना अजूनही वाटतं.

दोन अंक मी टाइप केले. तिसरा मामाजी आठवून सांगू लागले: नायिका नवऱ्याला माफ करते. चुलीजवळून सासूबाई म्हणाल्या की हे खोटं आहे. त्यांनी लग्नाआधी हे नाटक पाहिलं होतं, त्यात ती घर सोडून गेली होती. मामाजी चाचरले. पुढे एका गावच्या मंडळींनी हरकत घेतली म्हणून त्यांनी शेवट बदलला होता.

"मग माहा शेवट टाइप कर पह्यले," सासूबाई मला म्हणाल्या.

खर्च चौदा हजारांच्या आत बसला. तुम्हीही असा प्रवास करा, फक्त सोबत अंगठ्यात जोर असलेलं माणूस ठेवा. मला स्वतःला वाटलं होतं, या प्रवासातून एक यंत्र हाती लागेल. आता रोज दुपारी सासूबाई मला अख्खा अंक पाठ सांगतात, पन्नास वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेला, आणि मी टाइप करते. मामाजी रुसून पाठ फिरवून खाटेवर बसतात. काल मात्र मान वळवून म्हणाले, "अक्षर जरा मोठं कर. मले इथून दिसून नाई राह्यलं."